देव मानायची ओढ मेंदूतच असेल, तर ख्रिस्ती धर्मशास्त्राचं काय?

जागल्या (यवतमाळ जिल्हा): तूर शेंगेवर आली की आमची रात्रीची जागल सुरू होते. अंधारात खसफस झाली की आधी रोही, डुक्कर मनात येतं. पांढरकवड्याकडे तर वाघच. टॉर्च मारावा तर बहुतेक वेळा वारा! जस्टिन बॅरेट हा संशोधक म्हणतो, माणसाचा मेंदू असाच घडलाय. वाऱ्याला वाघ समजलं तर झोप जाते, वाघाला वारा समजलं तर जीव. म्हणून मेंदू आधी ‘कोणीतरी आहे’ असंच धरून चालतो आणि देवावरच्या विश्वासाला तिथं आयती जमीन मिळते. गंमत म्हणजे बॅरेट स्वतः ख्रिस्ती. आमचं घरही चर्चला जाणारं. विश्वास कुठून उगवला हे कळलं म्हणून तो खोटा ठरत नाही, असं माझं मत.

कपाशीवाला: खोटा ठरत नाही, पण खराही ठरत नाही ना बाप्पा! त्याच मेंदूले चकवा दिसते, मुंजा दिसते. जो काटा रिकामा असतानाही पाच किलो दाखवते, त्याच्यावर कापूस मोजसान काय?

जुना सेमिनरीकर: युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणारी संस्था, १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी यवतमाळातच होती. मी तिथला. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विननं सोळाव्या शतकातच लिहून ठेवलंय की देवाची जाणीव माणसाच्या मनात जन्मापासून असते, पापानं ती बिघडते. आल्विन प्लँटिंगा हा तत्त्वज्ञ तोच धागा पुढं नेतो: देव असेल तर त्यानं मन असंच घडवलं असणार. म्हणजे काटा बिघडलाय की नाही, हे देव आहे की नाही हे ठरल्याशिवाय सांगता येत नाही.

कपाशीवाला: म्हंजे पेरणी देवाची, तण पापाचं. पीक आलं तरी तुम्ही बरोबर, बुडालं तरी तुम्हीच!

मास्तरीण: दोघंही एक गोष्ट विसरताय. १९९६ मध्ये बॅरेट आणि फ्रँक काइल यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. देव एकाच वेळी सगळीकडे असतो, असं विचारल्यावर ठामपणे सांगणारी माणसं. त्यांना देवाच्या गोष्टी ऐकवल्या. आठवून सांगताना त्यांचाच देव आधी एक काम आटोपून मग दुसऱ्याकडे वळत होता, तलाठ्यासारखा. मेंदूला सहज सुचतो तो हा देव. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, कोणाला आपोआप सुचत नाही, ते शिकवावं लागतं, आणि शिकवूनही घसरतं (माझ्या वर्गातल्या अपूर्णांकांसारखं). मग या प्रयोगांनी धर्मशास्त्राचं बिघडलं काय? विसाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ तर म्हणायचा, माणसानं आपल्या बळावर उभा केलेला धर्म म्हणजेच अविश्वास. त्याला हे वाचून आनंदच झाला असता.

जागल्या: कपाशीवालेभाऊ, काट्याचं पटलं. मेंदूची ओढ हा देवाचा पुरावा, असं मीही आता म्हणणार नाही.

जुना सेमिनरीकर: मी म्हणेन. मास्तरीणबाई, तुमचा बार्थ परीक्षेत ठीक. माझ्या आजीला त्रैक्य कधी कळलं नाही. तिचा देव तुमच्या त्या तलाठ्यासारखाच होता. माझा ताप उतरेपर्यंत ती त्याला दुसरीकडे जाऊ द्यायची नाही. ती प्रार्थना कोणाकडे जात होती, ते सांगा.