घरी उतरलेल्या पाहुण्याला सुशीला (मुरमुऱ्याचा नाश्ता) खाऊ घातली तर आपण हॉटेलवाले झालो का?

म्हैसमाळ रोड
मंडळी, विषय किचकट आहे, वेळ असेल तरच वाचा. आमचं घर वेरूळ भागात आहे, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच असतात कारण पोरं पुण्याला, म्हणून लेणी आणि घृष्णेश्वर बघायला येणारी फॅमिली ठेवतो. सकाळी जे घरात बनतं तेच त्यांना, सुशीला, धपाटे-दही, नाही तर साधे पोहे. आता एक ओळखीचे म्हणायलेत की खोली देता ते ठीक, पण नाश्ता देता म्हणजे तो अन्न व्यवसाय झाला, त्याची वेगळी नोंदणी काढा. म्हणजे खोलीला एक खातं, पोह्याला दुसरं, परदेशी पाहुणा आला की पोलिसांचं तिसरं, आणि लाईट बिलाचं टेन्शन वेगळंच.

माझं मत सरळ सांगतो. मालक त्याच घरात राहतो, खोल्या दोन-तीन, आणि घरच्यांच्याच कढईतलं पाहुण्याला वाढतात, अशा ठिकाणी नाश्त्यासाठी वेगळी नोंदणी नसावीच. कारण हिशोब बघा, उपाशी पाठवला पाहुणा तर कागद कमी, खाऊ घातला तर कागद जास्त, हे कुठलं शहाणपण? आणि आमचा धंदा म्हणजे तरी काय, सोमवारी अजिंठा बंद म्हणून लोक वेरूळला येतात, मंगळवारी वेरूळ बंद की गल्लीत कुत्रं पण फिरंना. उन्हाळ्यात तर विचारूच नका. यात कोण हॉटेलवाला होतो?

लॉजवाला
दादा, तुमच्या दोन खोल्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण तुमचं नाव पुढं करून बाकीचे काय करायलेत ते पण बघा. माझ्या लॉजच्या मागं एक 'घर' आहे, त्यात सात खोल्या, मालक संभाजीनगरला राहतो, एक पोरगं ठेवलंय चावी द्यायला आणि बाहेरून इडली आणून द्यायला. ते पण स्वतःला होमस्टेच म्हणतात. मला कमर्शियल मीटर, कामगार, रजिस्टर, अग्निशमन, किचनचा परवाना, सगळं लागतं. हजाराच्या खालच्या खोलीवर पूर्वी जीएसटी नव्हता, जुलै २०२२ ला १२ टक्के लावला, मग २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ केला पण इनपुट क्रेडिट काढून घेतलं, म्हणजे मी चादरी-साबण-पेंट घेताना भरलेला टॅक्स माझ्याच खिशातून. आणि तो मागचा सकाळी माझ्या गिऱ्हाईकाला म्हणतो 'आमच्याकडं या, नाश्ता फ्री'. नाश्त्याला सूट दिली की अशांना रान मोकळं.

म्हैसमाळ रोड
मग सात खोल्यावाल्याला धरा ना, मला कामून? मी तर अटच घालायलोय की मालक तिथं राहत असला पाहिजे. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत पण तीच अट आहे, मालक तिथंच राहणारा, १ ते ६ खोल्या. तुमचा मागचा पहिल्याच अटीत उडाला.

जमाखर्च लातूर
कर सल्लागार आहे, रोज हेच करतो, म्हणून थोडं लांब लिहितो. दोघंही भावनेत बोलायलेत.

म्हैसमाळ दादा, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्न व्यवसायाची जी व्याख्या आहे तिच्यात नफा असो वा नसो, सरकारी असो वा खाजगी, सगळं येतं. त्यामुळं 'घरचंच खाणं आहे' हा बचाव पैसे घेणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत टिकणार नाही, नाश्त्याचे पैसे वेगळे नाही घेतले तरी खोलीच्या भाड्यात ते आलेच. पण त्याच कायद्यानं लहान माणसाला परवान्यातून बाहेर ठेवलंय. २०११ चे नियम आले तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला फक्त नोंदणी ठेवली आणि फी वर्षाला १०० रुपये. त्याच नियमात आहे की अर्ज आल्यावर ७ दिवसांत नोंदणी द्या, नाकारा किंवा तपासणीची नोटीस काढा, तपासणी निघाली तर ३० दिवस, आणि त्यांनी काहीच केलं नाही तर माणसानं काम सुरू करायला हरकत नाही. हे कुणी वाचतच नाही, सगळे आधी घाबरतात मग एजंट शोधतात.

लाईट बिलाचं म्हणाल तर घराच्या एका भागात धंदा असला आणि महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत, वर्षाचा ३६०० च्या आत असला तर घरगुती दरच लागतो, महावितरणच्या दरपत्रकात आहे. वरच्या खोलीत एसी बसवला तर मात्र मे महिन्यात ही लाईन पार होते, ते तुमचं तुम्ही बघा. जीएसटीत सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नंबर लागत नाही, ॲपवरून बुकिंग आलं तर त्या बुकिंगचा टॅक्स ॲपवाल्यानंच भरायचा. परदेशी पाहुण्याची माहिती, ज्याला आधी सी फॉर्म म्हणायचे, ती मात्र २४ तासांत ऑनलाईन भरायचीच, नाश्ता द्या नाही तर नका देऊ. यात वाद घालायला मला तरी जागा दिसंना.

म्हैसमाळ रोड
सर, कागदावर १०० रुपये मान्य. नेट सेंटरवाला हजार मागायलाय, आधार, फोटो, लाईट बिल, पत्त्याचा पुरावा, आणि घर अजून वडिलांच्या नावावर आहे, वारसाची नोंद पेंडिंग. तुम्ही म्हणाल हा तुमचा घरगुती प्रश्न. पण गावात निम्म्या घरांची हीच परिस्थिती आहे, मग '१०० रुपयांचा नियम' कुणाला परवडला? नियम करणाऱ्याच्या डोळ्यासमोर फ्लॅटवाला असतो, वाड्यातला माणूस नसतो.

भवानी रोड
तुळजापूरहून. तुम्ही लोक पाच-दहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या गोष्टीवर भांडायलात, आमच्याकडं भाविक पिढ्यान् पिढ्या पुजाऱ्याच्या घरी उतरतात. कुणाचं कुटुंब कुणाकडं उतरणार हे आजोबा-पणजोबापासून ठरलेलं, ते येतात, अंघोळी करतात, दर्शन, ओटी, मग घरातच जेवण. पैसे दक्षिणेत येतात, रेट कार्ड नसतंय. आता याला काय म्हणायचं? लातूरच्या साहेबांच्या व्याख्येनं नफा असो नसो सगळेच आत आले, मग अख्खी गल्ली अन्न व्यवसायात गेली. नवरात्रात तर घरात पाय ठेवायला जागा नसते, कोण नोंदणी बघायलंय. सरकारनं यात नाक खुपसू नये असं माझं स्वच्छ मत.

जमाखर्च लातूर
भवानी रोड, त्याच २०११ च्या नियमात लहान व्यावसायिकाच्या व्याख्येत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारे पण धरलेत, केटरर सोडून. म्हणजे परंपरेचा विचार करूनच त्यांना परवान्याऐवजी नोंदणीत ठेवलंय. नाक खुपसलं नाही, दारात उभं राहिलेत म्हणा.

पाणीवाली
नांदेड. नाक खुपसायलाच पाहिजे. दर महाशिवरात्रीला, नवरात्रात आपल्याच जिल्ह्यांतून भगरीची विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात की नाही? त्या भगरी पण कुणाच्या तरी घरच्या प्रेमानंच शिजलेल्या असतात. घरचं म्हणजे चांगलं हे आपण ठरवून टाकलंय.

आणि मराठवाड्यात खरा प्रश्न पोह्याचा नाहीच, पाण्याचा आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते विसरलात काय सगळे? एप्रिल-मे मध्ये टँकरचं पाणी बॅरलमध्ये, बॅरल गच्चीवर, गच्चीवर उन्हात, त्यात शेवाळ, आणि त्याच पाण्यात पाहुण्याची कोथिंबीर धुतली जाते. घरच्यांना सवय असते, पुण्या-मुंबईहून आलेल्या पोराला ते पचत नाही. मागं आम्ही एका ठिकाणी उतरलो होतो (गाव सांगत नाही), अगत्य इतकं की लाज वाटावी, आणि परत येताना गाडी तीनदा थांबवावी लागली. नोंदणी घेताना पिण्यायोग्य पाणी, झाकलेली भांडी, हात धुवायची सोय एवढं तरी माणूस एकदा वाचतो, सही करतो. तेवढ्यासाठी तरी पाहिजे.

म्हैसमाळ रोड
ताई, सही केल्यानं टँकरचं पाणी शुद्ध होतं काय? तपासायला कुणी येतंय काय? आमच्या तालुक्यात अन्न निरीक्षक कधी पाहिला नाही मी, दिवाळीत खव्याच्या बातम्यांत तेवढा फोटो दिसतो. तुम्ही म्हणायलात तो इलाज पाण्याच्या तपासणीचा आहे, नोंदणीचा नाही. ग्रामपंचायतीनं वर्षातून दोनदा पाणी तपासून चिठ्ठी द्यावी, ती मी दारावर लावतो, आनंदानं.

पैठण गेट
मी संभाजीनगर शहरात तीन खोल्या चालवते, नोंदणी आहे, म्हणून माझं पण ऐका. सुरुवातीला मलाही वाटायचं कशाला. पण परदेशी बाया एकट्या येतात अजिंठ्याला, शंभर किलोमीटर जाऊन दिवसभर उन्हात फिरून परत यायचं असतं, त्या पहिला प्रश्न नाश्त्याचा आणि दुसरा 'तुमची नोंदणी आहे का' हाच विचारतात. किचनमध्ये १४ अंकी नंबर लावलेला बघून त्यांच्या तोंडावर फरक पडतो, खोटं नाही सांगत. शिवाय २०२३ ला राज्यानं महिलांसाठी 'आई' पर्यटन धोरण आणलं, १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठराविक मर्यादेत परत मिळतं, पण त्यासाठी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते. नोंदणीच नको म्हणणाऱ्या घरातल्या सुनेला ते कर्ज कधी मिळणार? बहुतेक घरांत पाहुण्यांचं सगळं बायाच करतात आणि पैसे बापयांच्या खात्यात जातात, नोंदणी तिच्या नावानं झाली तर निदान कागदावर तरी धंदा तिचा.

म्हैसमाळ दादा, रागावू नका, पण धपाटे तुमच्याकडं कोण करतं?

म्हैसमाळ रोड
बायकोच करते. आणि तिलाच विचारलं आत्ता, ती म्हणाली माझ्या नावानं नोंदणी करणार असाल तर करा, नाही तर उद्यापासून पाहुण्यांना बिस्कीट द्या. पण ताई, माझा मूळ मुद्दा तसाच आहे. तुमच्याकडं शहरात सगळं एका चकरेत होतं. एकच अर्ज असावा, खोली, नाश्ता, पोलीस सगळं त्यातच, आणि तो ग्रामपंचायतीत भरता यावा. तीन पोर्टल, तीन पासवर्ड, ओटीपी यायला रेंज नाही.

लॉजवाला
एक अर्ज करा, दहा करा, माझं काही जात नाही. पण त्या अर्जात 'मालक कुठं राहतो' हे कोण तपासणार ते सांगा आधी. माझ्या मागच्या सात खोल्यावाल्याच्या रेशनकार्डावर पत्ता तिथलाच आहे.

भवानी रोड
सकाळी सहाला जाऊन बघा, दात घासताना दिसला तर राहतो.

जमाखर्च लातूर
हसण्यावारी नेऊ नका, सात खोल्या म्हणजे तसाही सहाच्या वर गेला तो, केंद्राच्या योजनेत बसतच नाही. लॉजवाले भाऊ, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर किती खोल्या दाखवल्यात ते आधी बघा, मला वाटतं तीन निघतील. आणि म्हैसमाळ दादा, वारसाची नोंद होईपर्यंत वारसांचं संमतीपत्र लावून वहिनींच्या नावानं अर्ज टाकून बघा, काय त्रुटी काढतात ते इथंच लिहा.