‘महाग घ्या, कमी घ्या’वाल्या ताईंना परभणीहून उत्तर

परभणीचा कापूसवाला: काल इथं एका ताईंनी लिहिलं, ‘१९९ चा शर्ट घेणारे शेतकऱ्याच्या मरणाला हातभार लावतात. महाग घ्या, कमी घ्या, खादी घ्या.’ डोकंच फिरलं. ताई, हिशोब घ्या. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, बाकी सरकी. पाव किलोच्या शर्टाला तूट धरून ३०० ग्रॅम रुई, म्हणजे किलोला थोडा कमी कापूस. क्विंटलला ७००० नं घातला तर माझ्या हाती बासष्ट रुपये. त्यातही वेचणी किलोमागं दहा. शर्ट ३०० चा असो नाहीतर ३००० चा, माझे बासष्टच!

नांदेडची ताई: मीच ती. तुम्हाला जास्त मिळणार नाहीत, कबूल. पण शिवणाऱ्या बाईचं काय? २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपडे शिवायच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० वर माणसं गेली. भिंतीला तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामाला बोलावलं. आणि खादी काय परदेशातली नाही, झेंड्याचं कापड आपल्या उदगीरला विणतात.

परभणीचा कापूसवाला: झेंडा रोज धुवायचा नसतो ताई. मी रानात जातो.

सेलूचे मास्तर: उगा भांडताय. १९९ च्या शर्टात कापूस असतोच कुठं? पॉलिस्टर आहे ते, खनिज तेलातून निघालेलं. फाटल्यावर त्याचा पोतेरासुद्धा होत नाही, पाणीच टिपत नाही मेलं.

जालन्याची सून: शर्ट राहू द्या, आहेराचं बोला. माझ्या कपाटात सव्वीस साड्या आहेत, एकीलाही फॉल नाही. मीच पुढं सरकवलेली एक साडी तीन वर्षांनी बारशाला मलाच आली. घडीवरचा कुंकवाचा डाग माझ्याच हातचा.

परभणीचा कापूसवाला: आहेर बंद करा म्हणणं सोपंय. टॉवेल-टोपी राहिली म्हणून आमचे मामा भरल्या पंगतीतून उठले होते.

जालन्याची सून: उठू द्या की! टॉवेल तुम्ही अंग पुसायला तरी वापरता. आमची साडी फक्त या घरून त्या घरी फिरते. बाईला विचारलंय कधी कुणी?

नांदेडची ताई: विषय भलतीकडं चाललाय.

सेलूचे मास्तर: चालू द्या. कालच्या पोस्टपेक्षा हा बरा आहे.

नांदेडची ताई: मास्तर, टोमणे नकोत.

परभणीचा कापूसवाला: जालन्याच्या ताईंचं पटतंय, लई जिवावर येतंय पण. बहिणीच्या लग्नात देण्याघेण्याच्या साठ साड्या गठ्ठ्यानं आणल्या, सुरतेच्या. सगळ्या पॉलिस्टरच्या. पैसे कापूस विकूनच आणले होते. खादीचं मात्र परत काढू नका.