मदत हवी आहे: सुट्टीत नऊ आणि साडेचार वर्षांच्या दोघांना घरात कसं गुंतवायचं? (मी कामात असताना)

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. शाळेला सुट्टी लागलीय, मी घरून काम करतो, बायकोला रोज बाहेर जावं लागतं, म्हणजे सकाळी ती गेली की संध्याकाळपर्यंत मी, लॅपटॉप आणि ही दोन कार्टी. थोरली नऊची, धाकटा साडेचारचा. शिबिरं, क्लासेस सध्या जमण्यासारखे नाहीत (कारणं आहेत, त्यावर चर्चा नको प्लीज), आसपास त्यांच्या वयाचं कोणी नाही, त्यामुळे जे काय करायचं ते घरातच.

नेटवर शोधलं नाही असं नाही. त्या 'मुलांसाठी शंभर ॲक्टिव्हिटीज' छाप याद्या पाठ व्हायची वेळ आलीय. पण त्यांचा घोळ असा की तयारीला अर्धा तास, खेळ दहा मिनिटं आणि आवरायला पाऊण तास, शिवाय प्रत्येकीच्या खाली 'मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे' हे असतंच. अहो मोठा मीटिंगमध्ये आहे ना, म्हणून तर यादी शोधतोय!

खरी गोची वयातल्या अंतराची आहे. एकेकटी असतील तर दोघंही गुणी. थोरली जमिनीवर पोट टेकून, श्वास रोखून डॉमिनो लावत बसते, सोफ्याच्या पायापासून दारापर्यंत रांग जाते, वळणावर दोन-तीनदा पडते, ती परत लावते, आणि आता शेवटचे चार राहिले की धाकटा येतो आणि पायानेच काम फत्ते करतो. मग जो काही आकांत होतो तो माझ्या अख्ख्या टीमला हेडफोनमधून ऐकू जातो. बरं त्याला वेगळं काही द्यावं तर त्याला तेच हवं असतं जे ताईकडे आहे. आणि ताईला तो कुठेच नको असतो.

टीव्ही-मोबाईल अजिबात नाही असं नाही, तेवढा मी संत नाही, पण धाकट्याचं एका तासाच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमध्येही त्याच्या वयाला दिवसाला १ तास हीच कमाल मर्यादा आहे. शिवाय बंद केल्यावर जी चिडचिड होते ती निस्तरण्यापेक्षा न लावलेलं बरं.

तर मला याद्या नकोयत. दोघांना एकत्र करता येईल, एकदा लावून दिलं की माझ्याशिवाय निदान तास-दीड तास चालेल, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच पुढे नेता येईल असं काही तुमच्याकडे प्रत्यक्षात चाललं असेल तर सांगा. थोरलीला 'बेबी गेम' वाटला की ती उठून जाते हेही लक्षात घ्या. आणि मीटिंगच्या वेळी दार वाजवू नका हे साडेचार वर्षांच्या माणसाला कसं समजावतात?

प्रतिसाद

रुमाल टाकून ठेवतेय. आमच्याकडे सात वर्षांची जुळी आहेत, अंतर नाही तरी युद्ध आहेच.

प्रतिसाद

दारासाठी एक करून बघा. जाड कागदाचा एक लाल आणि एक हिरवा गोल कापायचा, दारावर दोरा लावून टांगायचा. लाल असेल तर फक्त लागलं, पडलं, शूला जायचंय एवढ्यासाठीच वाजवायचं. महत्त्वाचं म्हणजे हिरवा झाला की खरंच दार उघडून पाच मिनिटं त्याच्याजवळ बसायचं, फोन न बघता. हिरव्याला काही मिळतं हे कळल्याशिवाय लहान मुलं लाल मानत नाहीत. आणि मीटिंग तासापेक्षा मोठी असेल तर मध्ये एकदा कॅमेरा बंद करून तोंड दाखवून या, त्या वयाला तास म्हणजे फार झाला.

डॉमिनोचं सोप्पं आहे. पाडायचं काम अधिकृतपणे धाकट्याचंच ठेवा. ताई लावणार, त्याने लांब उभं राहून दहापासून उलटे आकडे मोजायचे आणि ती 'पाड' म्हणाली की पाडायचं. तिला सांगा मध्ये मध्ये डॉमिनो न लावता मोकळी जागा सोडायची, म्हणजे चुकून पाय लागला तरी तेवढाच तुकडा पडतो, सगळी रांग जात नाही. डॉमिनोवाले मोठे लोकही असंच करतात, मोकळ्या जागा सगळ्यात शेवटी भरतात.

प्रतिसाद

आमच्या दोघांत पाच वर्षांचं अंतर आहे त्यामुळे तुमचं दुःख कळतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेला खेळ म्हणजे खजिना शोध, पण एक मेख मारून. खजिना मोठ्याने लपवायचा, धाकटीने शोधायचा. आता धाकटीला वाचता येत नाही, म्हणजे चिठ्ठी लिहून भागत नाही, चित्रं काढावी लागतात. आणि 'वॉशिंग मशीनच्या मागे' हे चित्रात दाखवायचं म्हणजे मोठ्याला डोकं लावावं लागतं. मशीन काढलं तर ती मशीनच्या आत बघते, मग मागे हे कसं दाखवायचं, बाण काढू का, मशीन अर्धवट काढू का, यात त्याची सकाळ जाते. तुमची मुलगी नऊची आहे ना, तिला हे बेबी गेम वाटणार नाही कारण अवघड काम तिच्याकडे आहे. आमच्याकडे पुढे पुढे त्याने घराचा नकाशाच काढायला घेतला, चौकटीच्या वहीत, एक पाऊल म्हणजे एक चौकोन. पावलं मोजायला धाकटीला घेतलं, तिची पावलं लहान, त्यामुळे स्वयंपाकघर हॉलपेक्षा मोठं आलं आणि मग दोघांत जुंपली. पण ते चांगलं भांडण होतं, शेवटी त्यांनी पट्टी आणली.

खजिना काय ठेवायचा यावर फार विचार करू नका, आमच्याकडे बहुतेक वेळा एक रिकामी काडेपेटी असते.

प्रतिसाद

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मुलांना सारखं 'गुंतवायचं' हा आपल्या पिढीचा उद्योग आहे. कंटाळा आला म्हणाली की आपण लगेच काहीतरी हातात देतो, मग ते संपलं की परत आपल्याकडेच येतात. अर्धा तास काहीच सुचवू नका, कुरकुर सहन करा.

हां, पण समोर खेळण्यांचा ढीग असेल तर हे होत नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन सोडलं होतं, तर ४ असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तुमची मोठी आहेत पण आमच्या घरचा अनुभव तोच. अर्ध्याहून जास्त खेळणी खोक्यात भरून माळ्यावर टाका, काही आठवड्यांनी हे खोकं खाली, ते वर. जुनीच गाडी नव्यासारखी वाटते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, लाल-हिरवा आजच कापतो. राग नाही मानला हो, पण कुरकुर सहन करणं आणि क्लायंटसमोर कुरकुर सहन करणं यात फरक आहे :) खोक्याचं पटलं. खजिना शोधची कल्पना थोरलीला सांगितली तर 'तो काय, उशी काढली तरी उशी फाडून आत बघेल' म्हणाली, पण कागद-पेन्सिल घेऊन बसली आहे असं दिसतंय. तिला प्रयोग वगैरेचं फार वेड आहे, त्यात फारसं न सांडणारं काही आहे का?

प्रतिसाद

प्रयोग म्हटलं की सगळे सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी सांगतात, तो मी सांगणार नाही, फस्स झालं की खेळ खलास. त्यापेक्षा हे बघा.

काळ्या स्केचपेनचा एक जाड ठिपका टिश्यू किंवा शोषकागदाच्या पट्टीवर काढायचा, खालून दोन बोटं वर. पट्टीचं टोक ग्लासातल्या पाण्यात बुडवायचं, ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी वर चढतं आणि काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग फुटून वेगवेगळ्या उंचीवर जातात, कारण शाईत बरेच रंग मिसळलेले असतात आणि पाणी प्रत्येकाला सारखं वाहून नेत नाही. दोन कंपन्यांचे काळे पेन घेतले तर पट्ट्या वेगळ्या दिसतात. मग तिला गुप्तहेर करा, चिठ्ठी कुठल्या पेनाने लिहिली ते शोधायचं, ठिपके द्यायचं काम धाकट्याचं. परमनंट मार्कर घेऊ नका, तो पाण्याने हलत नाही.

दुसरं, दिवसभर चालणारं. खिडकीत किंवा गच्चीत ऊन येतं तिथे चिकणमातीच्या गोळ्यात एक काडी उभी रोवा, खाली कागद. दर तासाला सावलीच्या टोकावर खूण करायची. दर तासाला आठवण करून द्यायला धाकटा उत्तम, त्याला अलार्मचं घड्याळ द्या. सगळ्यात आखूड सावली बरोबर बाराला पडत नाही बहुतेक ठिकाणी, का पडत नाही ते तिला शोधू द्या, एक दुपार त्यात जाईल.

आणि घरात बसून करायचा सगळ्यात भारी प्रकार म्हणजे अख्ख्या खोलीचा कॅमेरा. बाहेर लख्ख ऊन असताना खिडकी काळ्या कागदाने किंवा पुठ्ठ्याने पूर्ण बंद करायची, फटीही चिकटपट्टीने बुजवायच्या, मध्ये नाण्याएवढं एक भोक. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर बाहेरचं जग उलटं दिसायला लागतं, झाडं खाली डोकं वर पाय, रस्त्यावरची गाडी छताला चिकटून जातेय. प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून वरचं खाली, खालचं वर, बाकी काही जादू नाही. खिडकी बंद करायलाच मुलांना तासभर लागतो, तो तुमचा फायदा. फक्त भोकातून सूर्याकडे बघायचं नाही हे आधी बजावा. आणि खिडकी उंचावर असेल, ग्रिल नसेल तर हे तुम्ही घरात मोकळे असतानाच करा.

सांडलेलं चालत असेल तर दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, एक वाटी पाणी, परातीत. हळू बोट घातलं तर बुडतं, बुक्की मारली तर कडक. यात वय आडवं येत नाही, माझ्याकडे चाळिशीचे पाहुणे तासभर खेळलेत. सिंकमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो.

प्रतिसाद

वरच्यांना जोड: कागदाची लांब पट्टी घ्या, अर्धा पीळ देऊन (म्हणजे एक टोक उलटं करून) टोकं चिकटवा, मग मधोमध लांबीने कापायला सांगा. दोन कडी होतील असं दोघंही पैजेवर सांगतील, होते एकच लांब. मग नवी पट्टी घेऊन कडेपासून एक तृतीयांशावर कापायची, तर एकमेकांत अडकलेल्या दोन निघतात. १८५८ साली मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांना ही वेगवेगळी सापडली. शिवाय कागदाला सातपेक्षा जास्त अर्ध्या घड्या घालून दाखव असं आव्हान द्या. ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या अमेरिकेतल्या शाळकरी मुलीने २००२ साली बारा घातल्या, पण त्याला सुमारे १२०० मीटर टॉयलेट पेपर लागला, म्हणून हे थोरलीला रोल हातात नसताना सांगा.

प्रतिसाद

एक सगळेच विसरतायत, धाकटा आधी दमला पाहिजे. तुम्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या सूचना म्हणताय त्यातच ३-४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली ६० तरी दमवणारी असावीत असंही आहे. मोठ्या मीटिंगच्या आधी वीस मिनिटं फरशीवर चिकटपट्टीच्या रेघा मारून उड्या, उशांवरून चालणं, खुर्चीखालून सरपटणं, वेळ मोजायला ताई. त्यानंतर तो बसून काहीतरी करेल. आधी बसवायला गेलात तर डॉमिनोचं जे होतं तेच होणार.

आणि एक काळजी. प्रयोगाच्या नादात रिमोट, खेळण्यातली बटणाएवढी गोल बॅटरी किंवा छोटी चुंबकं बाहेर येऊ देऊ नका. तशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही भाजू शकतं, थांबून बघू म्हणायचं नाही, लगेच दवाखाना.

धागाकर्ता

अपडेट देतो. लाल-हिरवा चालतोय, मात्र धाकट्याने स्वतःसाठीही एक बनवून घेतलाय आणि तो लाल असताना मला त्याच्या तंबूत प्रवेश नाही. डॉमिनो पाडायची नोकरी त्याने फार गांभीर्याने घेतलीय, उलटे आकडे मोजताना सात नेहमी गाळतो पण ताईने अजून तक्रार केलेली नाही. खजिन्याच्या चित्रांमध्ये थोरली पुरती अडकलीय, आता ती चित्रांची 'भाषा' बनवतेय, मागे म्हणजे ठिपक्यांची रेघ, आत म्हणजे भरीव रंग, आणि ती त्याला शिकवायला बसते. मला एक अख्खा कॉल शांतपणे मिळाला.

खोलीचा कॅमेरा रविवारी बायको घरी असताना करणार आहोत. भांडणं संपलेली नाहीत, ती अपेक्षाही नव्हती.

कॉर्नफ्लोअरचं एक विचारायचं होतं, आज खेळून झाल्यावर परात तशीच झाकून ठेवली तर उद्या चालेल का? रोज नवीन करायला जिवावर येतं.

प्रतिसाद

चालतं. पीठ खाली बसून दगडासारखं होतं, घाबरू नका, थोडं पाणी घालून हातानेच सोडवा, ते काम मुलांनाच द्या. एक-दोन दिवसांच्या वर नको, वास यायला लागतो. टाकताना पिशवीत बांधून कचऱ्यात. फरशीवर सांडलेलं ओलं पुसत बसू नका, वाळलं की झाडूने निघतं.