मासळीच्या हिशोबाचं ॲप : बनवण्याआधी चाचणी कशी घ्यावी?

दर्याकिनारी
नमस्कार मंडळी. मी दापोलीचा. हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेणाऱ्या बायकांसाठी हिशोबाचं ॲप करायचं मनात आहे. कुठल्या होडीची मासळी केवढ्याला घेतली, रोख किती दिले, उधारी किती राहिली, एवढंच. डेव्हलपरने सांगितलेला खर्च मोठा आहे, म्हणून आधी प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, दाखवावा म्हणतो. त्यासाठी फिग्मा (स्क्रीनचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) शिकू का? आणि किती जणींना दाखवलं म्हणजे पुरे?

करवंद
फिग्मा नंतर, आधी कागद. मोबाइलच्या आकाराची पानं कापा आणि एकेका पानावर एकेक स्क्रीन पेनाने काढा. मावशींनी 'उधारी'वर बोट ठेवलं की पुढचं पान तुम्ही समोर सरकवायचं. चकचकीत स्क्रीन दाखवली की लोक "छान आहे हो" म्हणून मोकळे होतात. कागदावरची चूक मात्र बिनधास्त दाखवतात.

"आवडलं का?" हे विचारूच नका. काम द्या : "सुरमईची पाटी घेतलीत, निम्मे पैसे दिलेत, आता हे यात लिहून दाखवा." मग गप्प बसा. सांगायला जीभ वळवळेल, तरी बसा. बोट कुठे अडतं तेच तर बघायचंय.

संख्येचं म्हणाल तर वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० साली हिशोब मांडला होता, की ५ जणांना दाखवलं तरी बहुतेक अडचणी कळतात. एकदम १५ जणांना दाखवण्यापेक्षा ५-५ जणांच्या ३ फेऱ्या घ्या आणि मधे सुधारणा करा. पण घाऊक घेणारे व्यापारी आणि पाटी घेऊन दारोदार विकणाऱ्या बायका हे दोन वेगळे गट धरा.

खाडीपलीकडे
करवंद यांना +१. एक भर घालतो. घरच्या ओटीवर जमलेलं बंदरावर जमेलच असं नाही. ओल्या हाताने टचस्क्रीन नीट चालत नाही, उन्हात अक्षरं दिसत नाहीत आणि लिलाव चालू असताना कुणाला मान वर करायला फुरसत नसते. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. कागदाच्या फेऱ्या तेव्हा उरका, ऑगस्टपासून बंदरावर जा.

दर्याकिनारी
ओल्या हातांचं डोक्यातच आलं नव्हतं! मग बोलून नोंद करायची सोय ठेवावी का? तिचा खर्च वेगळा सांगितलाय.

करवंद
ती सोय आत्ता बनवू नका. लिलाव आटोपला की मावशींनी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचं, तुम्ही हाताने वहीत उतरवायचं आणि संध्याकाळी हिशोब परत पाठवायचा. मागे माणूस आहे हे त्यांना आधीच सांगा, पैशाची बाब आहे. आठवडाभर आपणहून निरोप येत राहिले तर डेव्हलपरशी बोला. मधेच थांबले तर त्या सध्या उधारी कशी लक्षात ठेवतात, ते त्यांच्याजवळ बसून बघा.