स्पॅनिश-कोरियन दुभाषा शोधताना काय बघावं?

सहलवाली: एप्रिलमध्ये मेक्सिकोचा बारा जणांचा गट सोल आणि ग्योंगजूला नेतेय. बहुतेक साठीपुढचे, इंग्रजी कुणालाच येत नाही. एकीला कोळंबीची ॲलर्जी आहे. सोबत दुभाषा हवा, शिवाय कार्यक्रमपत्रिकेचं भाषांतरही करून घ्यायचंय. एकाच माणसाकडून दोन्ही होईल का?

निखिल_प्र: पापागो ॲपमध्ये स्पॅनिश-कोरियन आहे. पाट्या, मेनू वाचायला पुरेल.

दुभाषी_समन्वयक: पाट्यांना चालेल, पण ॲलर्जीचा प्रश्न ॲपवर सोडू नका. किमचीत बऱ्याचदा खारवलेली कोळंबी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ताटात काय आहे एवढंच नाही, मुरवताना काय घातलं होतं हेही स्वयंपाकघरात जाऊन विचारणारं माणूस हवं.

मी दुभाषी नेमण्याचंच काम करते, म्हणून सांगते: कामं दोघांना द्या. चांगला भाषांतरकार चारचौघांत बोलताना अडखळू शकतो, आणि फर्डा दुभाषा कागदावर घाई करतो. कोरियात पर्यटक-दुभाषी मार्गदर्शकाचा सरकारी परवाना असतो आणि त्याच्या परीक्षेच्या भाषांत स्पॅनिशही आहे. परवाना कोणत्या भाषेचा आहे ते बघूनच ठरवा. इंग्रजीचा परवाना आणि 'स्पॅनिशही येतं' असं म्हणणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. सोलच्या हांकुक परकीय भाषा विद्यापीठाच्या भाषांतर-दुभाषी शाखेत स्पॅनिश शिकवतात, तिथून शिकलेले लोकही शोधा.

आणि मधे इंग्रजी येऊ देऊ नका. स्पॅनिशचं इंग्रजी, इंग्रजीचं कोरियन, असं दोन हातांतून गेलं की आजीबाईंच्या प्रश्नातला निम्मा अर्थ वाटेतच गळतो.

सहलवाली: मुलाखतीत काय विचारू? मला दोन्हीपैकी एकही भाषा येत नाही.

दुभाषी_समन्वयक: व्हिडिओ कॉलवर गटातल्या एकाला दुभाष्याशी पाच मिनिटं स्पॅनिशमध्ये बोलू द्या. ते कसं वाटलं हे तुम्हाला तेच सांगतील. मग एक कोरियन बोलणारं माणूस घेऊन ॲलर्जीचा प्रसंग वठवून बघा. कागदासाठी नमुना म्हणून हॉटेलचं पान द्या. मेक्सिकोत तळमजल्याच्या वरचा पहिला, कोरियात तळमजलाच पहिला. हे ज्याला सांगावं लागत नाही, त्याला काम द्या.

गौरी_प: रात्री-अपरात्री अडलं तर? १३३० ही पर्यटक हेल्पलाइन आहे ना?

दुभाषी_समन्वयक: चोवीस तास असते, पण इंग्रजी, जपानी, चिनी अशा भाषांत, स्पॅनिशसाठी तिच्यावर विसंबू नका. बीबीबी कोरिया ही स्वयंसेवकांची संस्था फोनवर दुभाषीपणा करते, तिच्या भाषांत स्पॅनिश आहे. नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून ठेवा. आणीबाणीत मात्र आधी ११९.

सहलवाली: ॲलर्जीचं कार्ड कोरियनमध्ये आजच करायला देते. दुसऱ्या कोणाकडून तपासून घेऊ का?

दुभाषी_समन्वयक: हो, ज्याने लिहिलं त्याच्याकडून नको. दुसऱ्याला ते कोरियनमधून परत स्पॅनिशमध्ये सांगायला लावा, आणि ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनाच ते ऐकू द्या.