मदत हवी आहे: सोलापूरहून रत्नागिरीला बदली, रनिंग-सायकलिंगचं वर्षभराचं कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये रत्नागिरीला बदली होतेय. सोलापुरात रनिंग आणि सायकल दोन्ही नियमित चालू आहे, ते कोणत्याही परिस्थितीत बंद पडू द्यायचं नाहीये, म्हणून कोकणातल्या जाणकारांना विचारतोय.

इथलं गणित अंगवळणी पडलंय. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, मग पहाटे पाचला बाहेर पडायचं आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं. हवा कोरडी, घाम येतो कधी वाळतो कधी कळत नाही, टोपीवर मिठाचे पांढरे डाग दिसले की समजायचं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी कमी पडलं. पाऊस बेताचाच, त्यातला बराचसा सप्टेंबरात. आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासची थंडी म्हणजे वर्षातले सगळ्यात भारी दिवस, तुळजापूर रोडने हिप्परग्याच्या तलावापर्यंत नाहीतर दुसऱ्या दिशेला थेट अक्कलकोटला सायकल काढायची, रस्ता बहुतेक सपाटच.

रत्नागिरीत पारा मेमध्येही ३३-३४ च्याच आसपास, पण एका लग्नासाठी तिकडे गेलो होतो तेव्हा सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर पळून बघितलं आणि चाटच पडलो. नेहमीचाच पेस (पळायचा वेग), पण हार्ट रेट कुठच्या कुठे! हवेतच एवढा दमटपणा की घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि वाळला नाही तर अंग गार होणार कसं? दोनेक आठवड्यांत शरीर सरावतं म्हणतात, पण ते तिथल्या मेला आणि ऑक्टोबर हीटलाही लागू आहे का? तुम्ही पेस बघणं सोडून फक्त हार्ट रेटवर पळता का?

किनाऱ्याचं अजून एक. ओहोटीची ओली घट्ट वाळू पळायला छान वाटली, पण ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते आणि माझी ऑफिसची वेळ काही सरकणार नाही. शिवाय वाळूला समुद्राकडे उतार, एकच पाय सारखा खाली पडतो, गुडघ्याला त्रास होत नाही का? जाताना-येताना बाजू बदलून भागतं की लाँग रन सरळ डांबरीवरच करता?

खरी धास्ती पावसाळ्याची आहे. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्या चार-पाच वर्षांचा एकदम! जून ते सप्टेंबर सायकल बाहेर काढता का, की घरातच ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर)? जांभ्या दगडावर आणि सावलीतल्या रस्त्यांवर शेवाळ धरतं म्हणे, तर आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याचा रस्ता तेव्हा टाळावा का? तिथले चढ बघून तर धडकीच भरलीय, माझ्या कॅसेटला (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) सगळ्यात मोठी चकती २५ दातांची आहे, सपाटीवर ठीक, तिथे निभावेल असं वाटत नाही. ३२ ची लावू का? माझा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) तेवढी पेलेल का हे कोणी सांगू शकलं तर फोटो टाकतो.

चेन इथे धूळ पुसून ल्यूब लावलं की झालं. खाऱ्या हवेत गंज किती लवकर धरतो, दर राईडनंतर गोड्या पाण्याने धुवावीच लागते का? बूट वाळवायचा उपायही सांगा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबणं सोडून दुसरं काही असेल तर.

मेअखेरपर्यंत इथेच आहे, त्यामुळे कॅसेट, मडगार्ड, टायर जे काही बदलायचं ते इथून करून आणू की तिथे सहज मिळेल, हे आधी सांगितलंत तर फार बरं होईल.