उद्याच्या तान्ह्या पोळ्याबद्दल

(नागपुरातल्या एका सोसायटीचा ग्रुप, पोळ्याचा दिवस, संध्याकाळ)

सचिव, ७:४२
नमस्कार. उद्या मुलांचा तान्हा पोळा, सायं. ५ वा. पार्किंगमध्ये. लाकडी नंदीची सजावट आणि वेशभूषा, दोन्हीला बक्षिसं. भेटवस्तू फक्त यादीत नाव असलेल्या सभासदांच्या मुलांना. बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या मुलांनी कृपया बघायला यावे. कमिटीचा निर्णय आहे.

२०३ काकू, ७:४५
सचिव भाऊ, बाहेरून आलेले म्हणजे कोण? माझे नातवंडं सकाळीच पुण्याहून आले. त्यांची आई याच पार्किंगमध्ये नंदी ओढत मोठी झाली. तेव्हा लिफ्टही नव्हती इथे.

१०१, ७:४६
एमएच १२ ची पांढरी गाडी माझ्या जागेवर आहे. कृपया काढावी.

४०१ काका, ७:४८
सर्वांना बैलपोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा. शेतकरी राजा सुखी तर जग सुखी.

खजिनदार, ७:५१
काकू, मनावर घेऊ नका. मागच्या वर्षीचं विसरले का सगळे? डबे ३० आणले अन् पोट्टे आले ४३. आपल्याच घरचे रडत वर गेले. शिव्या कोणी खाल्ल्या? मी.

३०२ वहिनी, ७:५३
आमचा तर नंदी तिथेच टाकून गेला होता. अजून आठवण काढतो.

२०३ काकू, ७:५४
मग यंदा माझा रडू द्यायचा का?

३०५, ७:५६
विषय बदलतो, माफ करा. वरची टाकी रिकामी आहे. घरोघरी पाहुणे आहेत हे समजतं, पण संध्याकाळी ७ वाजता कपडे धुऊन राहिले काही लोक.

२०२ भाऊ, ७:५७
काही लोक म्हणजे आम्हीच ना? नाव घ्या की सरळ.

३०५, ७:५८
मी कोणाचं नाव घेतलं नाही. आणि उद्या कर, म्हणजे पोळ्यानंतरचा मटणाचा दिवस आहे, तर जिन्याकडचं दार लावून रांधा एवढी विनंती. मागच्या वेळी सावजी रश्शाचा वास आमच्या देवघरापर्यंत होता.

२०२ भाऊ, ७:५९
कर आहे भाऊ. जावई घरी आलेत. त्यांना काय वरणभात वाढू?

४०४, ८:००
दोन वाट्या वर पाठवा, मग वासाची तक्रार नाही.

१०१, ८:०१
एमएच १२ पांढरी गाडी. माझी जागा. तासभर बाहेर उभा आहे.

४०४, ८:०२
पुण्याची गाडी आहे, १ ते ४ ची झोप अजून झाली नसेल.

२०३ काकू, ८:०४
माझ्या जावयावर विनोद नको. रात्रभर गाडी चालवून आलेत, झोपू द्या थोडं. किल्ली शोधते, ५ मिनिटं द्या.

२०३ काकू, ८:१७
सचिव भाऊ, एकदा शांतपणे वाचा. दिवाळीत माझी लेक सासरी असते, उन्हाळ्यात पोरांचे क्लास. माझ्या घरी तिची सुट्टी म्हणजे पोळ्याचे हे तीन दिवस. काल रात्री माळ्यावरून सासऱ्यांनी महाल भागातून आणलेला सागवानी नंदी काढला. एक चाक निघालं होतं, यांनी खिळा ठोकला. शिंगांना बेगड लावली. घागरमाळ मिळाली नाही, तर नातीच्या जुन्या पैंजणाचे घुंगरू ओवून गळ्यात बांधले. सकाळी मातीच्या बैलांना पुरणाचा घास दिला. दुपारभर नातू झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, पाठ करून राहिला, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव." त्याच्या पुण्याच्या शाळेत तान्हा पोळा कोणाला माहीतही नाही. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली लेकरांसाठी हा पोळा सुरू केला. लहानग्यांना बैलाची किंमत कळावी म्हणून. सभासद कोणाचं पोर, हे पाहून नाही. आता त्याला सांगू, बाळा, तू फक्त बघ?

४०१ काका, ८:१९
👏👏

सचिव, ८:२४
काकू, तुमच्या भावनांचा आदर आहे. पण वर्गणी मोजकी आहे. निर्णय माझा एकट्याचा नाही, सभेत झाला. त्या सभेला किती जण होते तेही सर्वांना माहीत आहे.

२०२ भाऊ, ८:२५
सभा रविवारी सकाळी १० ला ठेवता, मग कोण येणार?

१०१, ८:२६
गाडी निघाली. धन्यवाद काकू. आता तिथे ३०५ ची स्कूटर आहे.

३०५, ८:२७
काढतो.

२०३ काकू, ८:३०
वर्गणीचं म्हणाल तर माझ्या दोघांचे पैसे मी देते. वरून आणखी चार लेकरांचे देते. पण बघायला या असं त्यांना म्हणू नका.

३०२ वहिनी, ८:३३
माझं ऐका. ज्यांच्याकडे पाहुणे पोरं आहेत त्यांनी आज १० पर्यंत नावं टाका आणि प्रत्येकाचे पैसे खजिनदारांना पाठवा. मोजून आणलं की कोणी रडणार नाही. मागच्या वर्षी घोळ झाला तो आकडा माहीत नव्हता म्हणून, पाहुण्यांमुळे नाही. हे माझा पोरगा रडला होता तरी सांगून राहिली.

खजिनदार, ८:३५
चालेल. पण नावं आजच. उद्या इतवारीकडे मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची गर्दी, तिकडून काही आणता येणार नाही. रात्रीच सीताबर्डीवरून घेतो.

२०३ काकू, ८:३६
२०३ : २ नावं. पैसे पाठवले.

४०४, ८:३७
४०४ : माझ्या बहिणीचे ३. काकू, मघाशी गंमत केली, राग नका मानू.

२०३ काकू, ८:३८
राग नाही रे. जावयांना मारबत पाहायची आहे. पोरांना घेऊन कसं जावं?

४०१ काका, ८:४३
गाडी अजिबात नेऊ नका. मेट्रोनं चितारओळी चौकात उतरा, तिथून पायी. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, दोघींची भेट नेहरू पुतळ्यापाशी. तिथे रेटारेटी फार होते, लहान पोर खांद्यावर बसवा. दुपारच्या आत पोहोचा. अन् बडगे पाहायला विसरू नका, वर्षभर ज्यांनी लोकांना छळलं त्यांचे पुतळे असतात.

२०२ भाऊ, ८:४४
एक बडग्या पार्किंगचाही काढा.

१०१, ८:४५
नावं घ्यायला लावू नका.

४०१ काका, ८:४६
आणि सकाळी दारातले पळसाच्या फांद्यांचे मेढे काढताना पोरांकडून म्हणवून घ्या, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत". आमच्या नातवाला जोरात ओरडायला फार आवडतं.

२०३ काकू, ८:४९
आणि एक सांगते सगळ्यांना. ५ च्या कार्यक्रमानंतर पोरं नंदी घेऊन दारोदार येतील. बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, प्रत्येकाच्या हातावर ठेवा. १० रुपये ठेवा, पण ठेवा. कोणाचं पोर आहे ते विचारत बसू नका.

३०५, ८:५१
सुटे आहेत का कोणाकडे? मला १०-१० च्या नोटा लागतील.

सचिव, १०:०६
पाहुण्यांसह एकूण ४१ नावं. खडूपेट्या ४५ आणत आहोत. वरचे ४ आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी. तोरण ४ वाजता बांधू. शिडी कोणाकडे आहे?

२०२ भाऊ, १०:०७
माझ्याकडे. पण एक माणूस द्या धरायला.

१०१, १०:०८
मी येतो.